जोडीतला दुसरा बोंबील

सुक्या बोंबलांचा वास आला की अजून माझा जळफळाट होतो. आईला हाताशी कोणीतरी हवं म्हणून बारावीनंतर मी रेवदंड्यात राहिले आणि माझी जुळी बहीण मुंबईला शिकायला गेली. त्या दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याबरोबर मासळी सुकवायच्या वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालायला आली. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून आम्ही जोड्या टांगत होतो. ती सांगत होती, "या माशांच्या पूर्वजांत कधीतरी सगळ्या जनुकांच्या दोन-दोन प्रती झाल्या. एक प्रत जुनं काम सांभाळत राहिली, म्हणून दुसरीला नवं काही करून बघता आलं." बोलण्याच्या नादात तिच्या चार जोड्या सुटून वाळूत पडल्या. मला मनातून गार वाटलं. पण आई तिला म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो बाय, तुला न्हाय जमाचं," आणि माझ्याकडे वळून, "तू उचल, धुऊन टाक." मी उचलले. आता ती कॉलेजात हेच जनुकांचं शिकवते आणि दरवर्षी फोन करते, "बोंबील पाठव गं, तुझ्यासारखे कुणाला जमत नाहीत." मी पाठवते. जाड जाड तेवढे मागे ठेवते.