नदीकडे पाठ

सुमनकाकी नदीवर यायची आणि नदीकडे पाठ करून उभी राहायची. आम्ही वरून कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या निमुळत्या होड्या, घेऊन खळाळातून खाली येत असू, पाणी दगडांवर धडाधडा आपटत असे, आणि ही बाई काठच्या खडकावर, पदर कमरेला खोचून समोरच्या करंजाकडे बघत उभी. काखेत आमचे सुके कपडे, पायाशी भाकरीचं गाठोडं. नवख्या माणसाला वाटावं, कोणावर तरी रुसलीय. खालच्या शांत पाण्यात पोचलो की निलेश, म्हणजे तिचा मुलगा, एक लांब शिट्टी वाजवायचा. शिट्टी ऐकली की काकी वळायची. त्याआधी आभाळ कोसळलं तरी नाही.

खरं तर हे निलेशने लिहायला हवं. आई त्याची. पण तो लिहिणार नाही, त्याला वेळ नसतो. म्हणून मी लिहितेय. मी वैजयंती, त्यांची शेजारीण. पोलादपूरच्या खालच्या अंगाला सावित्रीच्या काठावर आमची वाडी आहे, आणि आमच्या दोन घरांच्या मधे एक फणस आणि एक मोडकं कुंपण. मला राग आलेला आहे आणि तो मी लपवणार नाही. ज्यांना मातेची महती वगैरे वाचायची असेल त्यांनी दुसरं काही वाचावं.

पाठ करण्याचं कारण साधं होतं. आमच्याकडे म्हणतात, लेकराला पहिली नजर आईचीच लागते. परक्याची दृष्ट मीठ-मोहऱ्यांनी उतरते, आईची उतरत नाही. निलेश लहान असताना पहिल्यांदा हात मारत डोह ओलांडून पलीकडे गेला, तेव्हा काकी हातातलं धुणं सोडून कौतुकाने बघत राहिली. परत येताना तो मधेच बुडाला. माझ्या बाबांनी उडी मारून, केसांना धरून त्याला बाहेर ओढला. पोटातलं पाणी निघालं, पोरगा रडला. मग काकी एवढंच म्हणाली, "माझीच लागली." तेव्हापासून पोरगा पाण्यात असताना तिने पाण्याकडे कधी बघितलं नाही. मोठी झाल्यावर मी शहाणपणा करून तिला सांगितलं की काकी, त्याच्या पायात गोळा आला होता. ती म्हणाली, "आला ना गोळा? मंग तो कशानं आला?"

बारावीनंतर निलेश कोलाडच्या बाजूला राफ्टिंगच्या कॅम्पवर हंगामी कामाला लागला आणि तिथून एक चिरलेली, वितळवून सांधलेली कयाक घेऊन आला. तुकाकाका, म्हणजे काकीचे यजमान, बिरवाडीच्या कारखान्यात पाळीवर जात. घरी येऊन त्यांनी ते डबडं बघितलं, करवत घेतली आणि वरचा भाग कापून म्हशीला पाणी प्यायची डोण करून टाकली. त्याच म्हशीचं दूध पोलादपुरात हॉटेलला घालून काकीने पुढच्या हंगामात दुसरी कयाक आणवली. म्हणायची, "म्हशीनं बोट खाल्ली, म्हशीनंच भरून द्यायची." काकांनी त्या दुसरीला हात लावला नाही. लावला असता तर काय झालं असतं ते त्यांनाही ठाऊक होतं.

माझ्या घरी माझ्या कयाकिंगला साफ नकार होता. पोरीची जात, ओले कपडे, चार पोरांबरोबर नदीत, लोक काय म्हणतील. काकी माझ्या आईशी भांडली नाही. रोज दुपारी आमच्या ओटीवर यायची, तांदूळ निवडू लागायची आणि माझ्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. तांदूळ संपले तरी उठायची नाही. शेवटी आईच वैतागून म्हणाली, घेऊन जा बाई तिला, पण माझी ओटी सोड.

कयाक खाली जाते नदीतून, पण पुन्हा वर न्यायची ती रस्त्यानेच. ते काम काकीचं. टेम्पो मिळाला तर टेम्पो, नाहीतर लाल डबा. आंबेनळीकडे जाणाऱ्या एसटीला हात करून ती कयाकसकट दारात उभी राहायची. एकदा एका कंडक्टरने हे काय मढं आणलंय म्हणून विचारलं. काकी शांतपणे म्हणाली, "माझा पोरगा समजा. अर्धं फाडा." अख्खी गाडी हसली. कंडक्टरने कयाक मागच्या सीटवर आडवी टाकू दिली आणि काकी तिच्यावर हात ठेवून घाटभर बसली.

एक गोष्ट मला तेव्हा बोचायची. निलेश खाली पोचला आणि मागून मी खळाळातून उतरत असले की काकी वळून बघायची. अगदी डोळे भरून. "डावीकडं घे गो वैजे, डावीकडं" असं ओरडायचीही, चुकीचं असलं तरी. मी एकदा विचारलं, मला बघतेस आणि त्याला का नाही? ती म्हणाली, "तुझी मी आई नाय. तुला माझी नाय लागायची." तिने सरळ सांगितलं आणि मी सरळ ऐकून घेतलं. पण खरं सांगू, ज्याच्याकडे ती पाठ करायची त्याचा मला हेवा वाटायचा.

मग उत्तरेकडच्या एका नदीवर कयाकिंगच्या संघाची निवडस्पर्धा होती. आम्ही दोघं निघालो आणि काकीही निघाली. आयुष्यात मुंबईपलीकडे न गेलेली बाई नाचणीच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि दृष्ट काढायचं मीठ-मिरच्यांचं पुडकं घेऊन गाडीत बसली. तिथलं पाणी बर्फाचं, हात घातला की हाडापर्यंत कळ जाणारं. रोज पहाटे सरावानंतर आमचे पाय मांडीवर घेऊन ती चोळायची, आधी माझे, मग त्याचे. स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांच्या आया काठावर मोबाइल उंच धरून उभ्या, आणि त्यांच्या मधोमध आमची काकी, डोंगराकडे तोंड करून. एका पंजाबी बाईने तिला खांद्याला धरून वळवायचा प्रयत्न केला. काकीने तिचा हात हळूच काढला आणि आपल्या मराठीत समजावलं, ते तिला कळलं असावं, कारण तिनेही आपला मोबाइल खाली घेतला. मी त्या वेळी हरले. निलेश निवडला गेला.

परतीच्या गाडीत काकीने आम्हाला तिचा बेत सांगितला. पोरगा कमावता झाला, आपल्या पायावर उभा राहिला की आईची नजर लागायची थांबते, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. निलेशला नोकरी लागली की मग ती एकदाच बघणार होती. तेही परक्या पाण्यात नाही, आपल्या सावित्रीत. आपल्या नेहमीच्या खडकावर बसून. "तोंड नदीकडं करून," ती म्हणाली आणि लाजली. निलेश खिडकीशी बसला होता. म्हणाला, आई, नोकरी लागली की पहिल्याच पावसाळ्यात. मी साक्षीला होते.

नोकरी लागली. खेळाडूंच्या जागेवर, दुसऱ्या राज्यात, चांगल्यापैकी. महाडला सत्कार झाला. स्टेजवर तुकाकाकांना बसवून शाल-श्रीफळ दिलं, आणि सूत्रसंचालकाने सांगितलं की वडिलांच्या भक्कम पाठिंब्यामुळे हा दिवस दिसतोय. डोण करणाऱ्या हातांनी काकांनी नारळ घेतला. निलेशने भाषणात सगळ्यांचे आभार मानले, प्रशिक्षक, पाहुणे, मित्रमंडळी, वडील आणि शेवटी "सर्व कुटुंबीय". काकी मागे खांबाआड उभी होती, लोक लेकाकडे बघतायत त्यात आपली भर नको म्हणून. बाहेर आल्यावर मी तणतणले. ती मलाच म्हणाली, "नाव नाय घेतलं तेच बरं. नाव घेतलं का लोक बघतात." मला त्या दिवशी तिचाही राग आला.

पहिला पावसाळा गेला, सुट्टी मिळाली नाही. दुसरा गेला, खांदा दुखावला होता. काकी फोनवर कधी आठवण करून द्यायची नाही. फक्त पाऊस लागला की खडकावरचं शेवाळ खराट्याने खरवडून ठेवायची. कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणायची, बसायला.

गेल्याच्या गेल्या वर्षी श्रावणात तो आला. त्याच्यावर व्हिडिओ करणारी मंडळी बरोबर होती, घाटाच्या पायथ्यापासून आमच्या वाडीपर्यंत तो उतरणार आणि ते चित्रीकरण करणार. सकाळी त्याने काकीला सांगितलं, आई, आज खडकावर ये. काकीने लग्नकार्याची साडी नेसली. डोक्यात अबोलीचा गजरा घातला. मी त्या दिवशी त्याच्याबरोबर नदीत जाणार होते, पण तिने माझा हात धरला, एकटीनं बघवणार नाय म्हणाली, म्हणून तिच्याबरोबर गेले.

आम्ही खडकावर बसलो. तोंड नदीकडे. मला ते विचित्रच वाटत होतं, निलेश पाण्यात असताना त्या खडकावर तिचा चेहरा बघायची मला सवय नव्हती. पाणी गढूळ आणि भरपूर होतं. वरच्या वळणावर त्याच्या कयाकसारखं काही लाल दिसलं की ती माझा दंड दाबायची. एकदा जास्वंदीची फांदी आली, एकदा कोणाची तरी बादली. पावसाची सर आली, गेली, परत आली. ती छत्री उघडेना, मधे येते म्हणाली. जेवायची वेळ टळली, गुरं घरी परतायला लागली. मी म्हटलं, चल काकी. ती म्हणाली, "आत्ता येल."

मग माझा फोन वाजला. निलेश होता. वरच्या पुलापाशीच बाहेर पडलो, त्यांचं हवं ते चित्रीकरण झालं होतं, गाडी तिथेच होती, आता महाडला जेवायला थांबलोय, आईला सांग. एवढं तो घाईत बोलला, मागे ताटवाट्यांचा आवाज येत होता. मी फोन काकीच्या कानाला लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं केलंस रे. पाणी लय होतं." फोन परत दिला, गजरा काढून नदीत सोडला आणि घरी जाऊन म्हशीला वैरण घातली. तो व्हिडिओ पुढे लाखो लोकांनी बघितला म्हणे. मी तो तिच्यासमोर धरला तर तिने मान फिरवली. नजरेच्या भीतीने नाही, एवढं मला कळलं.

त्यानंतर काही दिवसांनी मी एकटीच उतरले. वळणावरून खाली आले आणि बघते तर काकी खडकावर, आणि तिची पाठ माझ्याकडे. मला आधी वाटलं, चिडली. कशीबशी खाली पोचले, शिट्टी वाजवली. तशी वळली. मी विचारलं, माझ्याकडे पाठ का केलीस गो? ती गाठोडं सोडत म्हणाली, "तुला बी माझी लागंल आता." मी तिच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली.

पुढच्या वर्षी लावणीच्या दिवसांत तिला ताप आला. चिखलातला ताप, लेप्टो. आधी तिने अंगावर काढला, मग डोळे पिवळे झाले, मग महाड, आणि तिथून मुंबईला हलवेपर्यंत सगळं आटोपलं होतं. निलेश विमानाने आला. वेळेत आला, म्हणजे पुढचं सगळं करायला.

आमच्यात बायका मसणवटीत जात नाहीत. मसणवट नदीकाठीच आहे, वाडीच्या खाली. मी कयाक उचलली आणि नदीतून गेले. मला अडवायचा कोणाचा जीव झाला नाही. पलीकडच्या शांत पाण्यात कयाक लावून मी बसून राहिले. निलेशने मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, मडकं मागे टाकून फोडलं, आणि पत्र्याच्या शेडखाली काकी पेटली. जाणत्या माणसांनी त्याला बजावलं असणार, आता मागे बघायचं नाही. रीतच आहे ती. सगळे निघाले. मला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या, त्यात त्याची, ओल्या धोतरातली.

माझ्या गळ्यात शिट्टी होती. मी ती लांब वाजवली, तो वाजवायचा तशीच. सगळं ठीक आहे, आता वळून बघ, असा तिचा अर्थ असायचा.

निलेश थांबला. ओळखली त्याने, न ओळखायला काय झालं. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून. मग कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो चालू लागला.