आमच्या साडूंचं निनावी सर्वेक्षण

आमच्या मालेगावच्या साडूंनी जितक्या माणसांच्या तब्येतीची चौकशी केली असेल, तितकी त्यांच्या वाशीम जिल्ह्यातल्या सगळ्या डॉक्टरांनी मिळूनही केली नसेल. फक्त ती कधी तोंडाने केली नाही. एका आरोग्य संशोधन संस्थेसाठी मोबाईलवर भरायची सर्वेक्षणं बनवणं ही त्यांची नोकरी, आणि खरं सांगायचं तर तोच त्यांचा आजार. मी एकदा तापाने फणफणलो होतो. साडू भेटायला आले, उशाशी बसले आणि बसल्या जागेवरून मला लिंक पाठवली! "भरून टाका भाऊ, सातच मिनिटं लागते," म्हणाले आणि माझ्या वाटचा चहा पिऊन गेले. ताप उतरला, फॉर्म काही संपला नाही.

प्रश्न कसा विचारावा याचं त्यांना भारी सोवळं. उत्तर सुचवणारा प्रश्न त्यांना खपत नाही. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, एकदा हौसेने म्हणाली, "वांग्याची भाजी चांगली झाली न जी?" घास खाली ठेवून हे म्हणतात, "असं नाही विचारू. भाजी कशी झाली, असं विचार, आन् पाच पर्याय दे." मेहुणीने ताटच उचललं. एका खेड्यात त्यांनी पोषणाचं सर्वेक्षण पाठवलं, तर तिथल्या एका सेवाभावी गृहस्थाने, लोकांना कशाला त्रास म्हणून, सगळ्या गावाचे फॉर्म एकट्याने भरले आणि खाली-वर न बघता सगळीकडे 'होय' ठोकलं. गावातले यच्चयावत पुरुष गरोदर निघाले. दुसऱ्याने कपाळ बडवलं असतं. साडू म्हणाले, "पन एकबी प्रश्न सोडला नाही, भाऊ!"

त्यांचं खरं दैवत मात्र गुप्तता. फॉर्म कोणी भरला हे ओळखायचं नाही, ओळखलं तरी बोलायचं नाही. यावरून ते साहेबांशीही भांडलेले आहेत.

मागच्या वर्षी त्यांनी बायकांच्या दुखण्यांवर सर्वेक्षण काढलं. एका सकाळी चप्पल न काढताच ते माझ्या घरात शिरले. मोबाईल पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "दाखवता येत नाही," म्हणाले. "पन एका बाईनं लिवलं हाये, चार महिन्यापासून जिना चढताना दम लागते, छातीत दुखते. घरी सांगितलं का, तं नाही. काहून, तं म्हणे मालक दिवसभर लोकाइच्या तब्येती विचारून राह्यले, त्याइले फुरसत नाही."

मला हसू आलं आणि तिथेच विरलं. असा मालक जिल्ह्यात एकच.

"मंग इथं कायले बसले? जाऊन विचारा ना तिले!"

"कसं विचारू? तिनं नाव न देता लिवलं. म्या ओळखलं हे तिले समजलं, तं फॉर्मावरचा भरोसाच उडन."

असा संताप आला मला! "चुलीत घाला तुमचा फॉर्म! बायको हाये ना ते तुमची!" मी ओरडलो. साडू तोंडावर रुमाल धरून रडायला लागले.

पुढचं मेहुणीने आम्हाला सांगितलं. तोवर वाशीमच्या डॉक्टरांनी तपासून, वेळेत आलात म्हणून सांगितलं होतं, गोळ्या सुरू झाल्या होत्या, चेहऱ्यावर जरा रंग आला होता. "त्या दिवशी सैपाकघराच्या दारात आले आन् तब्येत कशी हाये म्हणून विचारलं. मले वाटलं फॉर्म आला, म्या हात पुसून मोबाईल मांगितला. तं म्हणे, मोबाईल नको, तू सांग. मंग जे बोलत बसली, तं दुपार झाली. एकदाबी मधात बोलले नाही."

"पण तुम्हाला ओळखलं हे कळू नये म्हणून किती जिवाचा आटापिटा केला त्यांनी," मी म्हणालो.

"अवो, त्याइनं वाचावं म्हणूनच तं लिवलं! बोललेलं कानात जात नाही, लिवलेलं बराबर वाचते." हसता हसता तिचे डोळे भरून आले.

माझी बायको शेजारीच बसली होती. तिने बहिणीच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तिची तब्येत मी शेवटची कधी विचारली होती, ते मला काही केल्या आठवेना.