लाकडाला रंग लागणार नाही

रंगाशी उभा दावा असलेला माणूस अख्ख्या कोलकात्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा सासरा निघावा हे माझं नशीब. या शहरात लोक बस रंगवतात, भिंती रंगवतात, पूजेच्या दिवसांत रस्तेसुद्धा रंगवतात. आणि आमचे बाबा, जन्मापासून इथलेच, होळीला दाराला आतून कडी घालून बसणार. नातीसाठी नव्या पेन्सिली आणल्या की ब्लेडने त्यांचा रंग खरवडून काढणार. माझ्या नेलपॉलिशकडे बघून एकदा म्हणाले, "नखं मुळात गुलाबीच असतात, तुला कुणी सांगितलं नाही का?" रिटायर होईपर्यंत ते हावड्याच्या एका टेक्निकल शाळेत लाकूडकाम शिकवत. त्यांचं म्हणणं असं, की काम नीट झालं असेल तर रंगाची गरज नाही, आणि झालं नसेल तर रंगाने पाप झाकू नये.

आता योगायोग बघा, माझं माहेर सावंतवाडीचं! लाकडाचा आंबा, लाकडाचं वांगं, लाकडाची मिरची, आणि सगळं असं चकचकीत रंगवलेलं की आलेला पाहुणा एकदा तरी हात लावून बघणारच. लग्नानंतर मी हौसेने त्या फळांची परडी घेऊन सॉल्ट लेकच्या घरी आले आणि बैठकीत मांडली. बाबांनी एक केळं उचललं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "तुमच्याकडे लाकडाला लाज वाटते का? एवढं अंगभर झाकलंय म्हणून विचारलं." नवी नवरी होते, तरी गप्प बसले नाही. म्हटलं, "लाज नाही बाबा, हौस! तुमच्याकडे नसते का?" नवरा पाणी आणायच्या निमित्ताने जो आत पळाला तो जेवायलाच बाहेर आला. तेव्हापासून पंधरा वर्षं हे भांडण चालू आहे आणि मी एकदाही माघार घेतलेली नाही.

त्या भांडणात तेल ओतलं ते एका जपानी खेळण्याने. नवऱ्याने ऑफिसच्या कामाला जपानला गेल्यावर ऋतासाठी, म्हणजे माझ्या लेकीसाठी, केंडामा आणला. एक लाकडी दांडा, त्याला तीन वाट्या आणि वर टोक. दोरीने बांधलेला भोकाचा चेंडू. चेंडू उडवायचा आणि वाटीत झेलायचा, नाहीतर टोकावर ओवायचा. चेंडू लालभडक होता. ऋताने तो उशाशी घेऊन झोप काढली आणि सकाळी उठून किंचाळली, "आई! आजोबांनी बॉलला टकलू केलं!" बाबा पहाटेच उठून पॉलिश पेपर घेऊन बसले होते. मांडीवर सगळा लाल भुगा. चेहऱ्यावर अपराधाची भावना? नावालाही नाही! "बघ तरी," ते तिला म्हणाले, "आतल्या रेषा बघ कशा सुंदर आहेत. एवढी चांगली वस्तू आणि झाकून विकतात म्हणजे काय!" ऋताने डोळे पुसले, चेंडू फिरवून बघितला आणि म्हणाली, "भीषण छान आहे." इथल्या पोरांना काहीही आवडलं की ते भीषणच असतं. मी मनात म्हटलं, गेली ही पण त्यांच्या गटात.

मग बाबांनी स्वतःच केंडामे करायला घेतले. आठवड्यातून तीनदा बसने हावड्याला जायचं, तिथे त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा लाकूड कातायचा लेथ आहे, त्याच्यावर बसायचं. पाडलेल्या घरांच्या चौकटींचं सागवान आणायचं, शिसवाचे तुकडे जमवायचे. रंगाच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे हो, मी खोटं का सांगू? रंगवलेला चेंडू किंचित चिकट असतो, वाटीवर टेकला की थांबतो. शिकणाऱ्याला धीर येतो. नुसत्या लाकडाचा सुरुवातीला सटासट घसरतो. शिवाय कोलकात्याची दमट हवा! उघडं लाकूड फुगतं, चेंडूचं भोक आवळतं आणि टोक आत शिरत नाही. हे सगळं मी बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, "घसरू दे. महिनाभर खेळलं की हाताचं तेल पितं लाकूड, मग सोडत नाही. रंग पहिल्या दिवशी गोड बोलतो आणि सहा महिन्यांनी टवके उडवतो." आणि फुगण्यावर उपाय म्हणून त्यांनी चेंडू माझ्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायला सुरुवात केली. भाताला तांदूळ घ्यायला हात घातला की चेंडूच हाताला येई.

आमच्या मराठी मंडळात रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. गणपतीत त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला बाबांच्या हातचा एक केंडामा, हा गेली पाच वर्षं रिवाज. एकदा एका मुलीची आई म्हणाली, "काका, आमच्या पिंकीला गुलाबी करून द्याल का?" बाबा अदबीने म्हणाले, "गुलाबी लाकडाचं झाड दाखवा, लगेच करतो." त्या बाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्याशी! मी तर मनातून गुलाबीच्याच बाजूची होते.

या वर्षी श्रावणात हावड्याहून त्या लेथवाल्या मिस्त्रींचा फोन आला. "बौमा," सुनेला बंगालीत म्हणतात तसं ते मला म्हणतात, "सरांचा उजवा हात थरथरतोय. मी त्यांना लेथवर बसू देत नाही, रागावले आहेत. कातून मी देईन, घासायचं काम तेवढं त्यांना घरी करू दे." डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, वाढेल हळूहळू. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन पॉलिश पेपर मागितला.

गणपतीला आठ दिवस राहिले होते. बारा मुलं, बारा केंडामे. बाबा रोज बाल्कनीत घासत बसत. लाकडावर रेषेच्या दिशेने एका दाबाने हात फिरला पाहिजे. त्यांचा हात मध्येच उडे आणि आडवा ओरखडा उठे. तो घालवायला गेले की दुसरा उठे. एका संध्याकाळी ते पिशवी घेऊन आले, बाराही केंडामे जेवणाच्या टेबलावर ओतले आणि म्हणाले, "उद्या ऑफिसातून येताना रंग आण."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कसला रंग?"

"कसलाही. लाल, निळा. त्या पिंकीला गुलाबी. ओरखडे दिसणार नाहीत." आणि खाली बघत पुढे म्हणाले, "तू म्हणत होतीस ते बरोबरच होतं."

पंधरा वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आलं एकदाचं. पण मला जिंकायचं नव्हतं हो! मला फक्त भांडायचं होतं, रोज, जेवताना, या माणसाशी. ते असे गप्प मान खाली घालून उभे राहिलेले मला बघवेनात.

"नाही आणणार," मी म्हटलं.

"सूनबाई, हट्ट करू नकोस."

"का नको? घरात हट्टाचा मक्ता एकट्या तुमचा आहे का? लाकडाला रंग लागणार नाही म्हणजे नाही. ऋता, पेपर आण!"

मला लाकूडकामातलं ओ की ठो कळत नाही. पण ऋताला येत होतं. कुठल्या नंबरचा पेपर आधी, कुठला नंतर, किती दाब द्यायचा, सगळं. चार दिवस आम्ही मायलेकी घासत होतो. माझ्या नेलपॉलिशचा भुगा झाला, बोटांची सालं निघाली. बाबा बाल्कनीत आमच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत होते. एकदाही वळले नाहीत.

शेवटी मी धीर करून एक चेंडू त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, थरथरत्या हातात चेंडू घेतला, डोळे मिटले आणि अंगठा गोल फिरवला. बराच वेळ फिरवला.

"खरखरीत आहे," ते गुरगुरले. "सावंतवाडीचं काम! परत घास."

मी परत घासला. परत दिला. परत नापास. तिसऱ्यांदा तो लोण्यासारखा मऊ झाला होता. हे मला कळत होतं, ऋताला कळत होतं आणि त्यांच्या अंगठ्यालाही कळलं होतं. तरी त्यांनी चेंडू माझ्या हातात ठेवला आणि आवाज चढवून म्हणाले, "अजून एकदा."

मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि घासत राहिले.