हनुवटीखाली बांधलेला फेटा

आमचे तात्या काल गेले, आणि ते बिचारे नव्हते.

हे आधीच लिहिते, कारण कालपासून घरी येणारा प्रत्येक जण तोच शब्द घेऊन येतोय. "बिचाऱ्यांची मिल बंद पडली, तिथूनच खचले हो."

खचले? माझा बाप?

माफ करा, तुम्ही चुकून दुसऱ्या कुणाच्या घरी आलात.

तात्या इंदूरच्या एका कापड मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. मिलला कुलूप लागलं तेव्हा मी बीकॉमच्या पहिल्या वर्षाला होते.

इंदूरबाहेरच्या मित्रांसाठी सांगते. अनंत चतुर्दशीला आमच्याकडे मिलवाल्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. देखावे, बँड, आखाडे, अख्खं शहर रस्त्यावर.

त्या वर्षी मामा म्हणाला, "भाऊजी, बंद मिलची कसली झांकी? आता बाजार खुला झालाय. पोरीला कॉम्प्युटर क्लास लावा."

तात्या म्हणाले, "बाजार खुला झालाय ना? मग आमच्याच गेटला कुलूप का?"

मामाने चहा संपवला आणि चपला घातल्या.

(झांकी निघाली. आणि मी कॉम्प्युटरही शिकले.)

लायटिंग आणि हलते पुतळे करायला मिल उरली नव्हती. म्हणून तात्यांनी ठरवलं, आपली माणसंच घोड्यांवर बसवायची. होळकरांचे घोडेस्वार! घोड्या अर्थातच लग्नाच्या वरातीतल्या.

आता प्रश्न एकच. डोक्यावर काय?

तात्या छाती फुगवून म्हणाले, "त्यात काय विचारायचं? पगडी!" आणि मराठी मंडळाच्या नाटकाच्या पेटीतून पुणेरी पगड्या घेऊन आले.

हो. होळकरांच्या स्वाराला पुणेरी पगडी. इंदूरच्या मराठी माणसाला कुठलाही समारंभ म्हटला की तीच आठवते, त्याला तो तरी काय करणार!

क्वार्टरमागच्या मैदानात ट्रायल झाली. तात्या घोडीवर बसले, टाच मारली, घोडी उधळली.

पगडी पहिल्याच झटक्यात नालीत.

मिलच्या रंगखात्यातले रमेश भिया (इंदुरी 'भैया') पोट धरून हसले. "तात्याजी, दुश्मन तो बाद में आएगा, अपनी इज्जत तो अब्बी गिर गई!"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, मिरवणुकीत घोडी कुठे दौडणार आहे? तात्यांनी मात्र ती पगडी धुतली, मंडळाला परत केली आणि जुनी चित्रं बघायला निघाले. होळकरांचा लालबाग पॅलेस, लायब्ररी, कुणाच्या घरी भिंतीवर टांगलेली तसबीर, काही सोडलं नाही. मला स्केच काढायला सोबत नेत. दरबारातल्या चित्रांकडे ते बघतही नसत. "बसलेला माणूस डोक्यावर काहीही घालेल. मला दौडणारा दाखव."

आणि एका चित्रात तो सापडला. डोक्याला सुती कापडाचा घट्ट फेटा, आणि त्यावरून कापडाचा पट्टा घेऊन हनुवटीखाली करकचून गाठ. घोडा कितीही उधळू दे.

झांकीच्या कमिटीला ते अजिबात आवडलं नाही.

"ये क्या हे भिया? सबके दाँत दुख रिये हें क्या?" रमेश भिया. "बँडवाले से चमकीले साफे ले लेते हें ना. क्या दिखेंगे!"

"रमेश, तो नवरदेवाचा साफा आहे. आपण लग्नाला निघालो नाही."

मग तात्या जे म्हणाले ते मी आजवर विसरले नाही.

"आपली मिल गेली. आता डोक्यावर खोटं घालून निघालो तर लोक म्हणतील, यांचं सगळंच नाटक होतं. एक तरी गोष्ट खरी पाहिजे."

रमेश भियांनी बाह्या सरसावल्या. मग म्हणाले, "कपडा किधर हे?"

कापड आईकडे होतं. आमच्याच मिलचं, जाडंभरडं, गाद्यांच्या खोळींसाठी ठेवलेलं. आईने ट्रंक उघडली. "न्या. गाद्या नंतर शिवू." (त्या अजून शिवल्या नाहीत.) रमेश भियांनी ते अंगणात विटकरी रंगवलं. फेटा बांधायला दोघं लागतात. एकाने टोक ताणून धरायचं, दुसऱ्याने बांधायचं. मी टोक धरत होते.

झांकी निघाली. गर्दीतून दातदुखीचे विनोद ठरल्याप्रमाणे आलेच. वर पावसाची एक सर आली आणि कच्चा रंग सगळ्यांच्या कपाळावरून ओघळला. एकानेही पुसला नाही.

मिलच्या बंद गेटसमोर तात्यांनी हात वर केला. सगळ्या घोड्या थांबल्या.

"सलाम नाही करायचा. फक्त बघायचं."

सगळ्यांनी कुलपाकडे बघितलं. एकाचीही मान खाली नव्हती. फुटपाथवरचे विनोद बंद झाले.

हा माणूस खचला होता म्हणता?

काल दुपारी मामाच्या मुलाने भाड्याचा चमकीला साफा आणला, मोत्यांचा तुरा लावलेला. "आत्तोबांना पगडीची हौस होती ना." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तरी मी सांगितलं, "परत ने. ते लग्नाला निघालेले नाहीत."

तेवढ्यात गुरुजी म्हणाले, हनुवटी बांधायला एखादी पट्टी द्या.

मी आत गेले. ट्रंक उघडली. विटकरी कापड तळाशी होतं.

रमेश भिया काठी टेकत पुढे आले आणि न सांगता टोक ताणून धरलं. यावेळी बांधणारी मी होते. कपाळावरून घट्ट वेढे, मग पट्टा, मग हनुवटीखाली गाठ. गाठ सैल झाली नाही.

रमेश भियांनी वाकून तात्यांच्या कानाशी विचारलं, "तात्याजी, दाँत तो नी दुख रिये?"

आणि मग ते ढसाढसा रडले. मीही रडले.

तात्या, पट्टा पक्का आहे. आता खुशाल दौडवा घोडी.

तुमच्या लेकीची श्रद्धांजली. भावपूर्ण, आणि ताठ मानेने.