पाटी नसलेला ओटा

आमच्या अमळनेरच्या मुलींच्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते तेव्हा चुडामण शिपाई होता. माणूस कामाचा. माठ भरणं, फळे पुसणं, सगळं वेळेवर. घंटा तर अशी द्यायचा, की अजून दुपारी कुठे पितळेवर काही वाजलं की मला तोच आठवतो. फक्त प्यायचा. शहाऐंशी साली एकदा त्याने तिसऱ्याच तासाला शाळा सुटल्याची घंटा दिली. चारशे मुली दप्तरं उचलून घरी. मी फाटकापर्यंत धावले, पण सुटलेली शाळा कधी कुणाला आवरली आहे?

संस्थेच्या चेअरमननी त्याला काढायचा कागद टाइप करून घेतला. मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांबा. नाही सुधारला तर मीच सही करते."

त्याची बायको भिकुबाई घरी आली. रडली नाही. म्हणाली, "बठ्ठा देवस्न्या शपता व्हई ग्यात बाई. आते देवच उरना नही." दारू सोडायच्या शपथा त्याने सगळ्याच देवांपुढे घेऊन मोडल्या होत्या.

दारू सोडू पाहणारी माणसं एकत्र बसतात, बोलतात, असं मी कुठल्याशा पेपरात वाचलं होतं. खाली मुंबईचा पत्ता होता. पत्र टाकलं. उत्तरादाखल कार्ड आलं: जळगाव, दर गुरुवारी संध्याकाळी पाच, पोस्टामागच्या गल्लीत पिंपळाजवळचा ओटा. पाटी नसते.

पाटी नसते! मला रागच आला. मग यायचं कसं माणसाने, हुंगत?

गुरुवारी दुपारची पॅसेंजर धरली. चुडामण धुतलेली टोपी घालून समोर बसला. हात मांडीखाली दाबून ठेवलेले. पाळधी आलं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाई, तठे सुई टोचतस का?"

"मला काय माहीत? गप्प बस."

खरंच माहीत नव्हतं.

पिंपळ सापडला. पण गल्लीत ओटे आठ-दहा. पानवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "सोडायची मीटिंग? मावशी, प्यायची विचारा, चार ठिकाणं दाखवतो." टपरीवरचे सगळे हसले. चुडामणची मान खाली. मी त्याला घेऊन गल्ली दोनदा पालथी घातली. एका ओट्यावर सतरंजीवर दहा-बारा पुरुष बसले होते, माना खाली, चपला पायरीशी. एक जण उपरण्याने डोळे पुसत होता. मयताचं घर दिसतंय, म्हणून मी पाऊल हलकं केलं आणि पुढे गेले.

वळून पाहते तो चुडामण नाही!

तो त्या ओट्यावर जाऊन बसला होता. आमच्याकडे दारावर जाणं कुणी चुकवत नाही. मयताच्या घरी जायचं, पुरुषांनी बाहेर टेकायचं, बायकांनी आत. चुडामणचं त्याहून पुढचं. ओळख नसली तरी दोन मिनिटं टेकल्याशिवाय त्याला ओलांडून जाता येत नसे. प्यालेला असला तरी.

साडेपाच होऊन गेलेले, सातला परतीची गाडी. मी चरफडत मागे आले. आता आत बायकांत जाऊन बसणं आलंच, म्हणून दाराकडे पाहिलं. दाराला कुलूप.

मयताच्या घराला कुलूप?

तेवढ्यात चुडामणने टोपी नीट करून शेजारच्या जाड्या माणसाला हळूच विचारलं, "कोन गये भाऊ?"

"आजून कोन्ही नही," तो म्हणाला. "म्हनीसन तं बसेल शेतस." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझं नाव रतिलाल. मी दारुड्या. चौदा महिने झाले, घेतली नाही."

चुडामण ताडकन उठला. पायात चपला अडकवल्या, माझ्यासमोर आला. "बाई, तुम्हले मालूम व्हतं! माले फसाडं तुम्ही!"

"मलाही आत्ताच कळतंय, मूर्खा! बसतोस, की दिवाळीला सही करू?"

तो जाण्यासाठी वळलासुद्धा. माझं बोलणं चुकलंच. धमक्या त्याने घरी काय कमी ऐकल्या होत्या? पण मागून रतिलालचा आवाज आला, शांत. "दारवरथून असं लगेच उठतस नही भाऊ. तुले तं रीत मालूम शे."

चुडामण थांबला. चपला पुन्हा पायरीशी काढल्या. सतरंजीच्या कडेला टेकला. बैठक संपेपर्यंत उठला नाही. मी समोरच्या पायरीवर बसून राहिले. सातची गाडी चुकली, आम्ही एस.टी.ने आलो.

पुढे दर गुरुवारी तो एकटा जाऊ लागला. दोनदा घसरला, दोन्ही वेळा स्वतःच परत गेला. दिवाळी आली. मी सही केली नाही. घराशेजारच्यांनी कुठे जातोस विचारलं, की तो सांगायचा, "दारवर जास."

नव्वद साली आमच्या शाळेच्या ओट्यावर रविवारची बैठक सुरू झाली. मी लगेच निळ्या रंगात पाटी रंगवून घेतली. चुडामण दर रविवारी ती भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. एकदा मी चिडले. तो सतरंजी झटकत म्हणाला, "बाई, पाटी वाचीसन कोन येई? लाज वाटस. मानसं बसेल दिखनात का कोन्ही बी टेकस."

मी वाद घातला. हरले.

गेल्या वर्षी तो गेला. म्हातारपणाने, खाटेवर, शुद्धीत. त्याच्या दारावर इतके पुरुष बसले होते, की भिकुबाईला त्यांतले निम्मे ओळखू येईनात. कुणी कुणाला नाव विचारत नव्हतं. मी आत बायकांत गेलेच नाही. जागा करून घेतली आणि बाहेर सतरंजीवर टेकले.

पाटी माझ्याकडे आहे. उलट्या बाजूवर उन्हाळ्यात कुरडया वाळत घालते.