चाळीस गुणांनी जिंकणारी माणसं

सप्टेंबरचा महिना होता. दुबईत सकाळी नऊला बाहेर पाऊल टाकवत नव्हतं, आणि माझा मुलगा गळ्याला लोकरीचा निळा-पांढरा मफलर गुंडाळून दारात उभा होता. मी विचारलं, "घसा बसला काय रे?"

"अम्मा, साहेब येतायत," तो म्हणाला.

मुलाच्या ऑफिसातला साहेब ऑस्ट्रेलियाचा. त्यांच्याकडे एक फुटबॉल खेळतात, तो आपल्या फुटबॉलसारखा नाही. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. तो हाताने धरतात, लाथेने उडवतात आणि एकमेकांच्या खांद्यावर गुडघे रोवून वरच्या वर पकडतात. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक गुण देतात. इतका उदार खेळ मी दुसरा पाहिला नाही.

साहेबाचा जीव निळ्या-पांढऱ्या संघावर होता, म्हणून ऑफिसातल्या बाराही जणांचा जीव निळ्या-पांढऱ्या संघावर होता. त्यातले एक काका पुण्याचे, एक हिशेब बघणारा केरळचा, बाकी कुठलेकुठले. वर्षभरापूर्वी यातल्या एकालाही हा खेळ पृथ्वीवर आहे हे ठाऊक नव्हतं. आता सगळ्यांकडे मफलर होते.

कारण सांगते. माझ्या मुलाची कंपनी अल क्वोजमध्ये, एसीची हवा खेळवणारे पत्र्याचे डक्ट बनवते. काम कमी झालं होतं आणि बारातले तीन जाणार अशी कुजबुज होती. मुलाचा करार महिनाअखेरीस संपत होता. तो पुढे वाढला नाही तर घर गेलं, नातीची ऊद मेथाची शाळा गेली आणि त्याच्या नावावर असलेला माझा व्हिसाही गेला. मी रत्नागिरीला परतायला केव्हाही तयार होते, तिथे माझं काही अडत नाही. पण नात दहावीत होती. दहावीच्या मधोमध पोरीला उचलून कुठे नेणार? सून रात्रंदिवस तेच बोलत होती. आणि कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं हे साहेब ठरवणार, असं बाराही जणांनी धरलं होतं. साहेबाला कोणी विचारलं नव्हतं. असं विचारायची आपल्यात पद्धत नाही.

साहेब आमच्या घरी यायला लागला तो तांदळाच्या गोड, वाफेवरच्या सांदणामुळे. मुलाच्या डब्यातलं एक सांदण त्याने खाल्लं आणि दुसरं मागितलं. मुलाने लगेच संधी साधली. शनिवारी सामन्याच्या आधी आमच्याकडे नाश्त्याला या, म्हणाला. ही बातमी ऑफिसात पसरली, तेव्हा पुढच्या शनिवारी पुण्याचे काका वाटेवरून जाता जाता सहज आले. ते राहतात शारजाला. आमचं घर त्यांच्या कुठल्याच वाटेवर नाही. त्यानंतरच्या शनिवारी केरळवाला आला. मग सातआठ जण येऊ लागले, आणि मी पहाटे उठून तीस सांदणं उकडू लागले.

सामना ऑस्ट्रेलियात संध्याकाळचा, म्हणजे आमच्याकडे दुपारी दीडचा. ही मंडळी नऊला हजर. दुपारचं लग्न आणि वऱ्हाड उजाडताच दारात, तसा प्रकार. सामना पाहायला मग जो तो आपापल्या घरी जाई. आमच्याकडे व्हायची ती नुसती चर्चा. कोणाला दुखापत आहे, कोण बरा झाला, तिकडे वारा कुठून वाहतोय, मागच्या वेळी हेच दोघे भिडले तेव्हा काय झालं होतं. साहेबाचा एक नियम होता. जायच्या आधी प्रत्येकाने सांगायचं की कोण जिंकणार, किती गुणांनी आणि का. तो ते मोबाईलमध्ये लिहून घेई.

आता हे ऐकायचं म्हणजे बंदरावरचा मासळीचा लिलाव.

"ट्वेंटी पॉइंट्स," माझा मुलगा सुरुवात करी.

"अरे, वीस काय घेऊन बसलास? पंचवीस!" काका म्हणत.

"तीस, सर. इन्शाल्ला तीस," केरळवाला.

"मी म्हणतो चाळीस. मिनिमम!" काका पुन्हा उभे राहत.

का, याचं उत्तर सगळ्यांचं एकच. संघ चांगला आहे, सर. साहेब मान हलवी, लिहून घेई आणि सांदण खाई. मला तो कंटाळलेला दिसायचा. मुलाला मी तसं सांगितलंही. तो म्हणाला, "अम्मा, त्यांचा चेहराच तसा आहे."

निळे-पांढरे त्या वर्षी कसेबसे जिंकत होते, तीन गुणांनी, पाच गुणांनी. चाळीस तर मी एकदाही पाहिले नाहीत. पाहिले नाहीत म्हणते, कारण मी सामने पाहत होते. मुलगा रात्री जुने सामने लावून नावं पाठ करायचा. सकाळी मी कोळंबी सोलायला बसले की टीव्ही लावायचे आणि तेच सामने पुढे चालू व्हायचे. मी चौथी शिकलेय, इंग्रजी बोलणं मला कळत नाही. पण पळणाऱ्या माणसाचं काय बिनसलंय हे कळायला इंग्रजी लागत नाही.

तो शनिवार उपांत्य सामन्याचा होता. जिंकले तर अंतिम फेरीत, हरले तर खलास. आणि करार संपायला दोन आठवडे होते. घरात दोन्ही गोष्टी एकाच सुरात बोलल्या जात होत्या, जणू निळे-पांढरे हरले की आमचं सामान बांधायचं.

लिलाव झाला. त्या दिवशी वीसपासून सुरुवात करायची कोणाची छाती नव्हती, मुलानेच पस्तिसाने बोली उघडली. काका पन्नासावर गेले. साहेबाने लिहून घेतलं आणि मग काय मनात आलं कोण जाणे, माझ्याकडे वळला. नात मला हाक मारते तशी तोही मला हाक मारायचा. "दादी, तुम्ही सांगा."

नातीने मला मराठीत सांगितलं. मी म्हटलं, "हरतील. दहाबारा गुणांनी."

मुलाच्या हातातला चहा बशीत सांडला. "काय म्हणाल्या?" साहेबाने नातीला विचारलं.

"शी सेज दे विल लूज," नात म्हणाली. पोरगी इंग्रजीत उत्तर देते, पण खोटं देत नाही.

"सर, शी इज ओल्ड," माझा मुलगा घाईने म्हणाला. मग माझ्याकडे वळून, दात आवळून, "अम्मा, जिंकतील म्हण ना. तुझं काय जातंय?"

"जिंकणार नाहीत तर जिंकतील कसं म्हणू?"

"आजी गंमत करतायत," काका हसून म्हणाले. दुसरं कोणी हसलं नाही.

साहेबाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "का?"

मी म्हटलं, "तुमचा तो मधला उंच माणूस आहे ना, सगळे चेंडू ज्याच्याकडे टाकता, त्याचा उजवा गुडघा गेलाय. वळताना तो चार पावलं जास्त घेतो. माझे दोन्ही गुडघे गेलेत. गेलेला गुडघा मी लांबून ओळखते."

नातीने सांगितलं. साहेब खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. त्याने ताटलीतल्या खजुराच्या बिया उचलून टेबलावर मांडल्या. ही एक बी म्हणजे उंच माणूस, या दोन त्याच्या बाजूचे. तो म्हणाला, गुडघा दुखतोय हे संघालाही माहीत असणार, म्हणून चेंडू या बाजूने नेतील. मी त्याची बी उचलून मागे ठेवली. "या बाजूने नेतात, पण अडचणीत आले की पुन्हा त्याच्याकडेच टाकतात. सवय आहे त्यांना. मागच्या दोन्ही वेळी तेच केलं."

"नो, नो, नो!" साहेब म्हणाला आणि बी परत पुढे सरकवली. मी ती परत मागे घेतली. असा आमचा तासभर वाद झाला. नातीचा घसा सुकला. साहेबाचा चेहरा लाल झाला होता आणि त्याने सांदणाला हात लावला नव्हता. बाकीचे भिंतीला टेकून मयताला आल्यासारखे उभे होते.

सगळे गेल्यावर सून स्वयंपाकघरात रडली. मुलगा म्हणाला, "अम्मा, तू माझी नोकरी घालवलीस."

"तुझी नोकरी माझ्या गुडघ्यावर उभी होती तर ती गेलेलीच होती," मी म्हटलं.

दुपारी सामना झाला. निळे-पांढरे जिंकले, चार गुणांनी. चेंडू बाजूनेच नेत होते. उंच माणसाला शेवटची वीस मिनिटं बाकावर बसवलं होतं. म्हणजे मी चुकले, आणि साहेब बरोबर होता. मुलगा इतका खूश झाला, जणू त्याची आई चुकली म्हणून त्याचा पगार वाढणार होता. "बघितलंस?" तो म्हणाला. मी म्हटलं, "बघितलं. तू पस्तीस म्हणाला होतास."

बुधवारी वरच्या ऑफिसातून ईमेल आली. वरचं ऑफिस कुठे आहे हे मला अजून नीट कळलेलं नाही, पण तिथल्या कोणी हा चेंडू पाहिला नसणार. तीन नावं होती. पहिलं पुण्याच्या काकांचं, दुसरं साइट बघणाऱ्या एका माणसाचं, तिसरं साहेबाचं.

माझ्या मुलाचं नाव नव्हतं. त्याचा करार एक वर्षाने वाढला. का वाढला हे केरळवाल्याने नंतर फोनवर हिंदीत फोडून सांगितलं. वरच्यांनी ज्यांचे पगार सर्वांत मोठे ती नावं पाहिली आणि वरून खाली तीन काढली. माझ्या मुलाचा पगार छोटा होता. पाच वर्षं तो वाढत नाही म्हणून घरात भांडणं होती. त्याच पगाराने त्याला वाचवलं. साहेबाला तर कोणाला काढायचं हे विचारलंसुद्धा नव्हतं. मग ते मफलर, ती तीस सांदणं, ते पन्नास गुण कशासाठी होते, हे मी कोणाला विचारलं नाही. सून नमाजाची चटई अंथरत होती, तिला समाधान मिळू दिलं.

त्या शनिवारी अंतिम सामना. निळे-पांढरे त्यात होते. मफलर कपाटाच्या वरच्या पेटीत गेला होता. मी तांदूळ भिजवले नव्हते, कोणी सांगितलंच नव्हतं. अंतिम सामना तिकडे दुपारी असतो, म्हणजे आमच्याकडे सकाळीच. साडेसातला बेल वाजली. दारात साहेब, एकटा, हातात केकचा डबा. नेहमीचे आठ जण आले नव्हते. आणि त्याला 'येऊ नका' म्हणायची हिंमत माझ्या मुलालाही झाली नव्हती.

मुलगा बनियनवर होता. तो आत पळाला आणि शर्ट घालून आला. मी आदल्या दिवशीचं खबूस, इथली अरबी रोटी, तव्यावर गरम केलं, अंडी केली, चहा दिला. साहेबाने खाल्लं. मग तो मुलाला म्हणाला, "वेल? किती?"

मुलाने शर्टाची वरची गुंडी लावली. मग म्हणाला, "सर, आज हरतील. तीस गुणांनी."

"का?"

आणि माझा मुलगा बोलायला लागला. तिकडचे मधले तिघे ताजे आहेत, उपांत्य सामन्याच्या आधी त्यांना आठवडाभर सुट्टी होती. निळ्यांचे मागचे दोघे हवेत उडी मारतात पण खाली पडल्यावर उठायला वेळ लावतात. वारा उलटला की डाव्या टोकाला यांचा नेम चुकतो, यावर्षी सहा वेळा चुकला. अर्धा तास तो असा बोलला. नात दारात उभी राहून ऐकत होती आणि हळूच मला मराठीत सांगत होती. मीही ऐकत होते. एवढा अभ्यास याने केलाय हे मला माहीत नव्हतं.

साहेब म्हणाला, "हे सगळं तू वर्षभर बघत होतास?"

"येस, सर."

"मग कधी बोलला का नाहीस?"

मुलगा चहाचे कप उचलायला लागला. साहेबाची खुर्ची गेली आणि माझ्या मुलाला मत आलं, एवढंच ते उत्तर होतं.  साहेब उठला, नातीच्या डोक्यावर हात ठेवला, मला म्हणाला, "दादी, तुम्ही एकट्याच माझ्याशी भांडलात." नातीने मला ते मराठीत सांगितलं. मी म्हटलं, "सांग त्याला, मी चुकले होते." ते ऐकून तो मोठ्याने हसला आणि सामना सुरू व्हायच्या आधी घरी गेला. हरले ते. तेहेतीस गुणांनी. मुलाने संपूर्ण सामना हाताची घडी घालून पाहिला आणि जिंकल्यासारखा उठला नाही.

नवा साहेब ऑक्टोबरात आला. तो बैरुतचा. त्याला पॅडल खेळायला आवडतं, असं दोन दिवसांत ऑफिसात कळलं. काचेच्या खोलीत चौघे जाळीच्या दोन बाजूंना उभे राहून बॅटने चेंडू मारतात, तो खेळ. काल मुलगा घरी येताना बॅट घेऊन आला. कितीची, विचारलं. "दोनशे ऐंशी दिरहम," म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडे बघून स्वतःच पुढे बोलला, "साडेसहा हजार रुपये, माहितीये."

"तुला येतं का हे?"

"शिकेन, अम्मा. करार एकच वर्षाचा आहे."

"शिकून काय करणार? त्याला हरवणार की त्याच्याकडून हरणार?"

त्याने बॅट पिशवीतून काढली, दोनदा हवेत फिरवून पाहिली.

"आधी साहेबाचा हात कसा आहे ते बघू दे," तो म्हणाला.