लांबच्या वाटेने न्यूयॉर्क

वसईजवळच्या पाचूबंदरचे पास्कूमामा नसते, तर त्या दुपारी मी अठ्ठावीस प्रवासी मुंबईतच ठेवले असते.

मामा मासेमारी करणारे. शाळा चौथीपर्यंत. मी घरातला पहिला पदवीधर; कॉलेजचा फॉर्म भरायलाही तेच माझ्याबरोबर आले होते.

मी विमान कंपनीत डिस्पॅचर आहे. विमान कोणत्या वाटेने जाईल, किती इंधन घेईल, हे जमिनीवर बसून ठरवणारा माणूस. नोकरीचा तिसरा महिना होता. मुंबई ते न्यूयॉर्क, सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. कॉम्प्युटरने ठरलेल्या वाटांपैकी त्यातल्या त्यात चांगली निवडली होती. पण तिच्यावरही हेडविंड, म्हणजे समोरून येणारा वारा, फार होता. वेळ सतरा तास. तेवढं इंधन भरलं की वजन मर्यादेबाहेर जात होतं. उपाय एकच, ऑफलोड. अठ्ठावीस जण उद्याच्या विमानाने.

काउंटरवरून फोन आला. "त्यातल्या एका काकांच्या मुलीचं उद्या तिकडे लग्न आहे. काय सांगू?"

"दहा मिनिटं काहीच सांगू नका."

लहानपणी होडीत मी मामांना विचारलं होतं, "अर्नाळा किती मैल?"

"मैल घेऊन काय करशील? पानी कुठं चाललंय ते बग. पानी उलटं असल तर जवलची वाट लांब."

मी वाऱ्याचा नकाशा उघडला. अटलांटिकवर वाऱ्याचा जोर एका पट्ट्यात होता. त्याच्या दक्षिणेला शांत. तिथून हाताने नवी वाट आखली. अंतर चारशे किलोमीटर जास्त, वेळ पस्तीस मिनिटं कमी.

ड्यूटी मॅनेजर गुप्ते मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं. "लांबून नेऊन लवकर पोचवणार? वसईला असंच शिकवतात?"

"पाचूबंदरला, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. सगळं गणित पुन्हा करायला लावलं. आकडे तेच आले. मग कॅप्टनना दाखवलं.

"इंधन किती वाचतं?"

"चार टन, सर."

"मग कुणाला उतरवू नका."

विमान भरून गेलं. आमच्याकडे दोर धक्क्याला बांधेपर्यंत होडी आली म्हणत नाहीत, म्हणून मीही गप्प होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला: विमान उतरलं, माझ्या हिशेबापेक्षा चार मिनिटं आधी. मॅडमनी ती वाट सिस्टीममध्ये टाकायला सांगितली. कॉम्प्युटर चुकला नव्हता. आपण दिलेल्या वाटांतूनच तो निवडतो.

त्याच दिवशी मी पत्र लिहिलं.

"प्रिय मामा,
काल एक मोठी होडी लांबच्या वाटेने सोडली. साडेतीनशे माणसं होती. त्यात एक मुलीचा बाप होता, तो लग्नाला पोचला. हे कुणी शिकवलं असं मॅडमनी विचारलं. तुमचं नाव सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मामी वाचून दाखवेल तेव्हा ही ओळ तिला दोनदा वाचायला सांगा.
होडी लागली. दोर बांधला.
तुमचा,
जॉनी"